देवीचं तिकीट

गणपती गावकार पडवीत बसले, पण विमलने पुढे केलेल्या तांब्याला त्यांनी हात लावला नाही. बहिणीच्या घरचं पाणी. नंदिगड्ड्याहून गावाच्या या मानकऱ्याबरोबर आलेल्या दोघांनी त्यांच्याकडे बघितलं आणि आपलेही हात मांडीवरच ठेवले. या घराने भावाभावांची भांडणं पाहिली होती, विमलचा धाकटा दीर परशुराम गेल्यानंतरचा लांबलेला अबोला पाहिला होता, पण भरलेला तांब्या भरलेलाच आत न्यायची वेळ विमलवर कधी आली नव्हती. आत येऊन तिने तो ओट्यावर आदळला.

"बगितलंस?" ती पुतणी सुनयनाला म्हणाली. "सख्खा भाऊ हाय माजा. लगीन हून हितं आले तवापासनं पयल्यांदा माज्या दारात सुका बसलाय."

सुनयना चहाला आधण ठेवत होती. "मी नेऊन देऊ का, दोड्डव्वा?"

"तू तर भायेर तोंड बी दाखवू नको. आनी च्या कुनासाठी ठेवलीस? पानी पीत न्हाई त्यो च्या पिनार हाय?"

सुनयनाने गॅस बंद केला नाही. परशुरामची ही पोर बापावर गेली होती. नको म्हटलं की हात अधिकच पुढे.

घडलं होतं ते असं. नंदिगड्ड्याची सातेरी दरवर्षी नवं भात घरात यायच्या सुमाराला थोरल्या बहिणीच्या भेटीला पल्याडच्या गावी जाते. देवी जाते म्हणजे तिचा तरंग जातो, साडी नेसवलेली, कळस लावलेली, माणसापेक्षा उंच काठी. पूर्वी ती चालत जायची. जुनी वाट धरणाच्या पाण्याखाली गेल्यावर ती विमलच्या नवऱ्याच्या, महाबळेश्वरच्या गाडीतून जायला लागली, आणि तिच्याबरोबर सगळं गाव फुकट जायला लागलं. यंदा गाडीवर महाबळेश्वरचा मुलगा अर्जुन होता आणि गाडीच्या दाराशी सुनयनाने बसवलेली लोखंडी चौकट होती. चौकटीत मावेल ते सामान फुकट, न मावेल त्याला तिकीट. अर्जुनने तरंग चौकटीला लावून बघायला सांगितला. मावला नाही. त्याने एक जागेचं आणि एक सामानाचं, अशी दोन तिकिटं फाडली. तरंग धरणारा गुरव वाटेत बोलत नसतो. त्याने मुकाट्याने कनवटीचे पैसे काढून दिले. बाकीचे मात्र खाली उतरले, आणि त्या दिवसापासून नंदिगड्ड्याचं एकही माणूस गाडीत चढलं नव्हतं.

गावकारसुद्धा आज कुणाच्या तरी जीपमधून रामनगरला आले होते. जीप त्यांना सोडून पुढे लोंढ्याला गेली होती. संध्याकाळी परत जायला दाजींची गाडी होतीच. बहिष्कार घातलेल्या गाडीनेच आपण घरी जाणार आहोत, आणि तेही नेहमीसारखं फुकट, यात गावकारांना काही वावगं वाटत नव्हतं. इतक्या वर्षांच्या सवयीने माणसाला असं काही वाटेनासं होतं.

*

पडवीत महाबळेश्वर मान खाली घालून बसला होता. त्याला लाज वाटत होती, आणि लाजेच्या खाली कुठेतरी सुटल्यासारखंही वाटत होतं. बेळगावचा एक ट्रॅव्हल्सवाला परमिटांसकट तिन्ही गाड्या मागत होता. आज संध्याकाळी त्याला होकार द्यायचा होता. घरात हे फक्त अर्जुनला माहीत होतं. या वयात आता कुणाच्या तोंडी लागायचं, असं महाबळेश्वरला वाटायचं. एक जुनी ट्रॅक्स, एक मिनीबस आणि एक दारं न लागणारा टेम्पो घेऊन त्याने आयुष्य काढलं होतं. पंच फुकट, मास्तर फुकट, व्याही फुकट, व्याह्यांचे शेजारी फुकट. कुणाची म्हातारी अजून डोकं विंचरतेय म्हणून गाडी तिच्या दारात थांबायची. लोक त्याला देवमाणूस म्हणायचे आणि ट्रॅक्सच्या टायरमधून तारा बाहेर आलेल्या असायच्या.

मग सुनयना बेंगळुरूहून नोकरी सोडून आली आणि तिने दोन पावसाळ्यांत सगळं उलटं करून टाकलं. निरनिराळ्या गाड्या विकून तीन सारख्या घेतल्या. कॅसलरॉकच्या गाडीची वेळ रेल्वेला जोडली. गाडी वेळेवर सुटणार म्हणजे सुटणार, कुणाचं डोकं विंचरून होवो न होवो. आणि यंदाच्या पावसाळ्यापासून तिकीट सगळ्यांना; तेव्हापासून गावकारांना गाडीत बसायची वेळ आली नव्हती.

"दाजी," गावकार म्हणाले, "मी भांडायला आलो न्हाई. गावाचं म्हननं सांगायला आलोय. तीन गोष्टी. तिकिटाचं पैसं देवीच्या पायावर परत ठेवायचं. गावाला पयल्यासारकं बसू द्यायचं. आनी त्या पोरीला ह्या धंद्यातनं भायेर काढायचं."

"व्हय," महाबळेश्वर म्हणाला. एवढ्या झटक्यात म्हणाला की गावकारांनाच थोडं चुकल्यासारखं झालं.

दाराआड उभ्या असलेल्या अर्जुनने ते ऐकलं. आप्पांनी हे का कबूल केलं ते त्याला कळत होतं. गाड्याच राहणार नसतील तर कबूल करायला काय जातं. तो पुढे झाला.

"मामा, तिकीट मी फाडलं. अक्कानं न्हाई. ती त्या दिवशी कॅसलरॉकच्या गाडीवर हुती."

"तुला शिकिवलं कुनी?"

"कुनी शिकिवलं न्हाई. माज्या मनानं घेतलं."

"खोटं बोलू नको," महाबळेश्वर म्हणाला. "ती सारकी तिच्या कंपनीच्या गोष्टी सांगती तुला. सांगून टाक की तिनं सांगिटलं म्हनून. एका वाक्यात मिटतंय."

अर्जुनने बापाकडे बघितलं. "मग नको मिटू दे," तो म्हणाला.

महाबळेश्वरला मुलाच्या तोंडून हे नवीन होतं. तो काही बोलणार तोच सुनयना चहाचा ट्रे घेऊन बाहेर आली. कुणी घेणार नाही हे ठाऊक असूनही तिने कप एकेकाच्या पुढ्यात ठेवले आणि खांबाला टेकून उभी राहिली. मागून विमल आली, तिला आत ओढायला, पण उंबऱ्यातच थांबली.

"गोष्ट मीच सांगितली होती, मामा," सुनयना म्हणाली. "ती तुम्हालाही सांगते. मग मला काढायचं का ठरवा."

*

पारवा एअर ही स्वस्तातली विमान कंपनी. ती निघाली तेव्हा तिच्याकडे चार विमानं होती आणि चारही एका जातीची. सुनयना तेव्हाच काउंटरवर लागली. एका जातीची अशासाठी की कुठलाही पायलट कुठल्याही विमानात बसू शकतो आणि एका विमानाचा सुटा भाग दुसऱ्याला चालतो. जमिनीवर उभं असलेलं विमान फक्त खर्च करतं, म्हणून ते उतरल्यावर पुन्हा उडेपर्यंत कुणी हातावर हात ठेवून बसायचं नाही. हवाई सुंदरी सीटांमधला कचरा उचलायची, पायलट तिच्या मागून पट्टे सरळ करत यायचा. जेवण नाही, पेपर नाही, मोठ्या लोकांची वेगळी खुर्ची नाही. मोठ्या कंपन्या हसल्या. म्हणाल्या, ही एसटी आहे. आणि ज्यांनी जन्मात विमान आतून पाहिलं नव्हतं असे लोक त्या एसटीत बसायला लागले. चाराची दहा विमानं झाली, दहाची चाळीस.

"आमचा मालक एकदा काउंटरवर आला," सुनयना सांगत होती. "बॅग जड होती. नवीन लागलेल्या पोरीनं त्याला ओळखलं नाही, जास्तीचे पैसे भरा म्हणाली. त्यानं भरले. नंतर सगळ्यांसमोर तिचं कौतुक केलं. नवीन माणूस कामावर आलं की त्याला पहिल्यांदा ही गोष्ट सांगायचे. कंपनी म्हणजे काय, ते त्यातनं कळायचं. वरून खालपर्यंत एकच माप."

"मालक मानूस हाय," गावकार म्हणाले. "आमची देवी हाय."

"पुढचं ऐका. अर्जुनला मी पुढचं सांगितलंच नव्हतं. विमानं वाढली तसे कामावर लांबचे लोक आले. काम ठेक्यानं गेलं. पायलट कचरा उचलेनासे झाले, कारण ते कुणाला दिसत नव्हतं. मग एक दिवस फोन आला, अमक्या साहेबांच्या बॅगा तशाच सोडा. मग तमक्यांच्या. बघता बघता निम्मी रांग कुणाची तरी कोण निघायला लागली. आणि तेवढ्याच पैशांत भागवायचं म्हणून उरलेल्यांच्या पिशव्या आम्ही जास्त कडक मोजायला लागलो. आखातात कामाला जाणारी माणसं काउंटरसमोर जमिनीवर लोणच्याच्या बरण्या काढून टाकायची, आणि शेजारून फोनवाले साहेब हसत जायचे. मी एकाच्या बॅगा अडवल्या. मला म्हणाले, माफी माग. मी मागितली नाही. म्हणून मी इथं आहे."

नंदिगड्ड्याच्या दोघांपैकी तरुण होता त्याने नकळत चहाचा कप उचलला आणि गावकारांची नजर गेल्यावर परत ठेवला.

"आत्ता आपल्या गाडीचं," सुनयना म्हणाली. "तिकीट पयल्यापेक्षा कमी केलंय, ठावं हाय न्हवं तुमाला?" बोलता बोलता ती घरच्या बोलीवर आली होती. "कमी करता आलं, कारन समदे देत्यात. कुळगीच्या कॅम्पात झाडायला जानारी बाई देती. हमाली करून येनारा देतोय. पयलं ती बाई पंचाचं बी देत हुती, मास्तराचं बी, आनी मामा, तुमचं बी. तिला कुनी सांगिटलं नव्हतं एवडंच."

हे वर्मी लागलं. गावकार उठून उभे राहिले. त्यांचा आवाज चढला नाही, पण जाड झाला.

"चुकलं ते कबूल करायचं सोडून तू मला हिशेब शिकिवतीस? देवीला लोखंडाला टेकिवलं तुमी. आवो, तुमी कोन? काळी नदीच्या काठावरचे तारी. आमच्या बापजाद्यांनी वरसाचं भात घालून तुमची चूल पेटती ठेवली. तवा कुटं नाव चालली. तारवाच्या पोरांनी आता देवीम्होरं हात पसरायचा व्हय?"

महाबळेश्वरचा बाप नावाडी होता हे सगळ्या जोयडा तालुक्याला ठाऊक होतं. धरण झालं, नाव गेली, घर गेलं, पुनर्वसनात रामनगरला ही जागा मिळाली. लपवण्यासारखं त्यात काही नव्हतं, पण हे असं त्याच्या दारात उभं राहून आजवर कुणी म्हटलं नव्हतं. महाबळेश्वरचे कान तापले, तरी तो उठला नाही. उठायची त्याची सवयच गेली होती.

"दादा," उंबऱ्यातून विमल म्हणाली, "खाली बस."

*

आज सकाळपासून विमल सुनयनावर धुमसत होती. माहेरात तोंड दाखवायला जागा ठेवली नाही पोरीने, हेच तिच्या डोक्यात घोळत होतं. पण आता तिला दिसत होती ती काळी नदी. नावेचं ओलं फळकूट आणि आपल्या परकराच्या ओच्यात जड झालेलं काहीतरी.

"देवी नदी कशी पार करीत हुती, सांग," ती म्हणाली.

"कशी म्हंजे? नावेतनं."

"आनी नावेत चढायच्या अदूगर?"

गावकार खाली बसले.

"तुला ठावं हाय. तू माज्या मागं उबा हुतास, ढोल घेऊन. नावेत बसायच्या अदूगर देवी तारीचा मोल देत हुती. एक नारळ, वंजळभर नवं तांदूळ आनी वर पैसा. गावातली बिनलग्नाची पोर त्यो तारीच्या हातात घालायची. त्याबिगर देवी पान्यात पाय घालत नव्हती. तीन वरसं मी घातला. ह्यांच्या बापाच्या हातात." तिने महाबळेश्वरकडे बोट केलं. "मामंजी दोन्ही हात म्होरं करायचे, कपाळाला लावायचे आनी मग म्हनायचे, देवीचं आलं, आता गाव या. मग समदं गाव आपापला पैसा द्यायचं, आनी मगच चढायचं. गावकार बी. आपला बा पयला."

"ते जुनं झालं, विमल."

"नाव बुडाली म्हनून रीत बुडती? मोटार आली आनी तुमी फुकट बसाय लागलासा. ह्यो भला मानूस, मागितलं न्हाई ह्येनं. न मागता त्याची तू सवय केलीस. आनी वरतून म्हनतोस, तारवाची पोरं हात पसरत्यात. कुनी पसरला हात? देवीनं आपनहून घातला."

"मग लोखंडाला टेकिवली ती?"

विमल सुनयनाकडे वळली. आता तिचा राग जिथे जायला हवा तिथे गेला. "त्ये मातर तुजं चुकलं. तुज्या कंपनीत देव येत नसतील. हितं येत्यात. कुनाला इचारलंस चौकट बशिवताना?"

"नाही विचारलं," सुनयना म्हणाली. पारवाबद्दल ती कितीतरी वेळ बोलू शकली असती, पण या एका प्रश्नाला तिच्याजवळ तेवढंच उत्तर होतं. तिथे वरून मापं यायची आणि लोकांनी त्यात मावायचं. ते तिने तसंच उचलून इथे आणून दाराला ठोकलं होतं. ज्याच्यावर चिडून ती नोकरी सोडून आली होती, तेच. "मामा, देवीला चौकटीला लावलं त्याची माफी मागते. उद्याच येऊन तिची ओटी भरते. चौकट काढून टाकते. कशाला किती लागेल ते गावानं बसून ठरवू दे, आम्ही तसं घेऊ. पण तिकिटाचे पैसे परत देणार नाही. आणि पुढच्या वर्षीही देवीचं तिकीट फाडणार. त्या दिवसाचं पहिलं."

"आनी न्हाई चढलो आमी?"

"तर रिकामी गाडी आणू. वेळेवर आणू आणि वेळेवर नेऊ."

गावकार विमलकडे बघत राहिले. ढोल त्यांना आठवत होता. नावेच्या काठावर आपल्याला चढायची घाई झाली की बा मागून खांदा धरायचा, थांब, देवीचं होऊ दे, हेही आठवत होतं. गावाने पाठवलेल्या माणसाला मात्र असं सगळं आठवून चालत नाही. त्यांनी महाबळेश्वरवर शेवटचा डाव टाकला.

"दाजी, तुमी व्हय म्हनलासा. तुमचा शबुद हाय."

महाबळेश्वरने बायकोकडे बघितलं. तिने त्याच्याकडे बघितलं नाही. आपल्या बापाचे पुढे केलेले दोन हात त्याला दिसले. त्या हातांनी आयुष्यात भीक घेतली नव्हती आणि फुकटही काही वाटलं नव्हतं. आपण ज्याला चांगुलपणा म्हणत आलो, तो निम्मा तरी आपला भित्रेपणा होता हे त्याला आज दोन बायकांनी चारचौघांत दाखवून दिलं होतं. त्याला राग आला. सुनयनाचा नाही, विमलचाही नाही. तारवाची पोरं, हे शब्द कानात होते.

"व्हय म्हनलो," तो म्हणाला, "कारन गाड्या इकायच्या हुत्या मला. बेळगावचा मानूस आज सांजच्याला फोन करनार हाय."

"इकायच्या?" विमल म्हणाली.

"दोड्डाप्पा," म्हणत सुनयना काकाच्या दिशेने पुढे आली.

अर्जुन मधेच पुढे आला. त्याच्या हातात किल्ली होती. "आप्पा, मामा, माज्या गाडीची येळ झाली. बोलायचं आसंल तर गाडीत बोला. मी थांबनार न्हाई."

आजवर या घरातल्या कुणी गावकाराला असं उठवलं नव्हतं. बरोबरचे दोघे गावकारांच्या आधी उठले, कारण रात्र रामनगरला काढायची त्यांची तयारी नव्हती.

*

गाडी स्टँडवर उभी होती. हलशीची दोन माणसं, कुळगीच्या कॅम्पातली झाडणारी बाई, कॉलेजची पोरं. अर्जुनने सीटांखालचा कचरा स्वतःच उचलला आणि दारात उभा राहून तिकिटं फाडायला लागला. गावकार नेहमीप्रमाणे पुढच्या, ड्रायव्हरच्या मागच्या जागेवर जाऊन बसले. अर्जुन त्यांच्यापर्यंत आला आणि थबकला. समोर सख्खा मामा. पाळण्यात यांनीच त्याचं नाव ठेवलं होतं.

मागून कुणीतरी गाडीत चढलं. महाबळेश्वर होता, धोतराचा सोगा खोचलेला, खिशात फोन वाजतोय. त्याने फोन कानाला लावला.

"व्हय, बोला. न्हाई, सावकार. न्हाई इकायच्या. इचार बदलला न्हाई, पयल्यांदा आताच केला. ठेवतो, गाडी सुटाय लागल्या." त्याने अर्जुनच्या हातातली तिकिटांची पट्टी स्वतःच्या हातात घेतली. "तू चालव. मी बघतो हितलं."

गाडी हलली. वेळेवर हलली. खिडकीबाहेर सुनयना आणि विमल उभ्या होत्या. विमलने पदर तोंडाला लावला होता, आणि ती रडतेय का हसतेय ते गाडीतून कळत नव्हतं.

महाबळेश्वर पुढच्या जागेपाशी येऊन उभा राहिला. आयुष्यात त्याने कधी गावकाराकडे हात पुढे केला नव्हता. आता त्याने दोन्ही केले, बापासारखे.

गणपती गावकारांनी वर बघितलं. बंडीच्या खिशाकडे त्यांचा हात गेला आणि तिथेच राहिला. "माजं घेनार तुमी, दाजी?"

"देवीचं घेतलंय, दादा," महाबळेश्वर म्हणाला. "तुमचं सोडलं तर तिला काय सांगू?"